आधी मोजावे, मग विचारावे : सीमाभागातील शेत, कोठार आणि स्वयंपाकघरात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याची रीत

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका शेतकरी स्नेह्याने ऐन सुगीत मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारले, ‘भात भिजलंय, आता किती दिवस टिकेल?’ क्षणात उत्तर आले : भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून खावा आणि तरीही उरल्यास टाकून द्यावा. शिवारात कापून पसरलेले दीड एकराचे पीक फ्रिजमध्ये कसे ठेवावे, हे मात्र त्याने सांगितले नाही. ताटातला तो भात आणि शेतातले ते भात यांतला फरक मराठी माणसाला लिंगावरूनच कळतो. यंत्राला तो दर वेळी कळेल अशी खात्री नाही. उत्तर तसे चुकीचे नव्हते, ते दुसऱ्या भाताचे होते.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ हसलो, पण अन्नाच्या बाबतीत अशी गल्लत नेहमीच हसण्यावारी नेण्यासारखी नसते. कन्नडमधील आदेश मराठीत समजावून देणे, वहीतील नोंदींचा तक्ता करणे, सहाशे पानांच्या जेवणाचे वेळापत्रक उलट्या क्रमाने मांडणे, पानावरची अळी कोणती असावी याचा पहिला अंदाज सांगणे, ही कामे कृत्रिम बुद्धिमत्ता आज बऱ्यापैकी करते. मात्र शेंगदाण्यात विष आहे की नाही, दुधात भेसळ आहे की नाही किंवा पोत्यातले धान्य पुरेसे वाळले आहे की नाही, हे ती मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रावरून सांगू शकत नाही, आणि तरीही विचारल्यास ती काहीतरी सांगतेच. म्हणून पुढील सर्व रीत एका भेदावर आधारलेली आहे : जे लिहिलेले किंवा मोजलेले आहे ते यंत्रापुढे ठेवावे, जे मोजलेलेच नाही त्याचा निर्वाळा यंत्राकडून घेऊ नये.

विचारण्याआधीची तयारी

पहिला खर्च ॲपवर नव्हे, मोजण्याच्या साधनांवर करावा. धान्याची ओल मोजणारे छोटे यंत्र एकट्याला परवडत नसेल तर पाच-सहा घरांनी किंवा स्वसाहाय्य संघाने मिळून घ्यावे. स्वयंपाकघरासाठी टोक आत खुपसून तापमान दाखवणारा थर्मामीटर आणि वजनकाटा, तर शेतासाठी साधा पर्जन्यमापक एवढे पुरते. ओल मोजण्याचे यंत्र हाती येईपर्यंत मिठाची जुनी परीक्षा उपयोगी पडते. काचेची कोरडी बाटली घेऊन तिचा तिसरा हिस्सा धान्याने भरावा, त्यात पूर्ण कोरडे मीठ दोन-तीन चमचे घालावे, मिनिटभर हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवून द्यावे. मीठ काचेला चिकटले तर धान्यात साधारण १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे आणि ते साठवण्याजोगे झालेले नाही असे समजावे. न चिकटल्यास धान्य अगदीच ओले नाही एवढेच ठरते. भात साठवण्यासाठी लागणारी १३ टक्क्यांची पातळी आली की नाही ते ओल मोजणारे यंत्रच सांगते.

या मोजमापांची वही ठेवावी. तारीख, जागा, काय मोजले, किती आले आणि मोजले कोणी, एवढे पाच रकाने पुरेत. आठवड्यातून एकदा त्या पानाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र काढून सहायकाला द्यावे आणि तक्ता करून मागावा. तक्ता मिळाल्यावर त्यातील तीन आकडे वहीशी ताडून पाहावेत, कारण हाताने लिहिलेला ‘१’ आणि ‘९’ यांत यंत्राची हमखास गफलत होते. ताळा जुळला की मग पुढचा प्रश्न विचारावा : ‘कोणत्या पोत्यातील ओल दर आठवड्याला वाढत आहे?’ हा प्रश्न मोजलेल्या गोष्टीबद्दल असल्याने त्याचे उत्तर बहुधा विश्वासार्ह येते आणि नजरेतून सुटलेली गोष्ट त्यातून हाती लागते.

प्रश्न आपल्या मुलखाचा करावा

बेळगाव जिल्हा एक असला तरी त्याचे हवामान एक नाही. कणकुंबी आणि जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस कोसळत असताना अथणी, सौंदत्ती किंवा रामदुर्गकडे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असू शकतो. नुसते ‘बेळगाव’ म्हटल्यास यंत्र शहराचे, पुष्कळदा सांबऱ्याच्या विमानतळावरचे, हवामान धरून बोलते. म्हणून गाव, तालुका, जमीन काळी की तांबडी, पाणी पावसाचे की विहिरीचे, पीक, वाण, पेरणीची तारीख आणि मोजलेले आकडे, हे सारे प्रश्नातच लिहावे. शब्दही सावधपणे निवडावेत. आपण ‘शेंगा’ म्हणतो तेव्हा भुईमूग अभिप्रेत असतो, यंत्र मात्र शेवग्यावर किंवा घेवड्यावर जाऊ शकते. ‘जोंधळा’ लिहिल्यास कंसात ज्वारी लिहावे. ‘भात’ लिहिताना भाताचे पीक किंवा सालीसकट भात असे स्पष्ट करावे. पायली, मापटे, गाडी, पंप ही मापे किलो-लिटरमध्ये सांगावीत. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर हा हिशेब यंत्राला ठाऊक असतो, पण हेक्टरी सांगितलेली मात्रा ते एकरी म्हणून खुशाल लिहून जाते. तेव्हा उत्तरात एकक कोणते आहे ते दोनदा पाहावे.

नमुन्यादाखल एक प्रश्न पुढे दिला आहे :

‘मी बेळगाव तालुक्यातील येळ्ळूर शिवारातील शेतकरी आहे. काळी जमीन आहे. भाताचे पीक, म्हणजे सालीसकट धान्य, ४ नोव्हेंबरला कापले आणि ५ नोव्हेंबरला ते पावसात भिजले. आज ओल १९ टक्के आहे. ताडपत्री आहे, पंखा आहे, वाळवण्याचे यंत्र नाही. पुढील सात दिवसांचे काम दिवसवार सांगा. उत्तर देण्यापूर्वी आणखी कोणती माहिती लागेल ते आधी विचारा. ज्याबद्दल खात्री नाही त्यापुढे तसे लिहा.’

यातील शेवटची दोन वाक्ये कधीही गाळू नयेत. त्यामुळे यंत्र सर्वज्ञ होत नाही, पण पहिल्याच दमात निकाल देऊन मोकळे होण्याची त्याची खोड थोडी आवरते.

सुगीनंतरचे पंधरा दिवस

अन्नाची नासाडी आणि अन्नातील विष या दोन्ही गोष्टींचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी, म्हणजे न वाळलेल्या धान्यात, सापडते. ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशा भुईमूग, मका आणि इतर धान्यांवर वाढून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. हे विष यकृताला घातक असून दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवते. ते भाजल्याने किंवा तळल्याने पुरते नाहीसे होत नाही. बुरशी पुसून टाकली तरी ते दाण्यात उरते. आणि बुरसटलेली पेंड किंवा मका म्हशीला घातल्यास त्याचाच एक प्रकार दुधात उतरतो. भारतीय मानकांनुसार दुधातील या प्रकाराची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, तर तृणधान्ये व कडधान्यांतील एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्या प्रमाणातील विष मोबाईलच्या कॅमेऱ्याला दिसण्याचा प्रश्नच येत नाही, हे ज्याला उमजले तो शेंगदाण्याचे छायाचित्र पाठवून ‘हे खाण्यास सुरक्षित आहेत का?’ असे विचारणार नाही. बेळगावकडे शेंगदाण्याची चटणी रोजच्या ताटात असते, म्हणून हा मुद्दा येथे जरा ताणून मांडला आहे.

मग यंत्राचा उपयोग कोठे करावा? वाळवणीच्या वेळापत्रकात करावा. भात आणि मका साधारण १३ टक्क्यांपर्यंत, सोयाबीन १२ टक्क्यांच्या आत आणि भुईमुगाच्या शेंगा ८ ते ९ टक्क्यांपर्यंत वाळवून मगच साठवाव्यात. रोज सकाळी अकरा आणि दुपारी चार वाजता ढिगाच्या तीन जागी ओल मोजून आकडे सहायकाला द्यावेत. ‘ओल या गतीने उतरत राहिल्यास १३ टक्क्यांवर कधी येईल, आणि हवामान खात्याचा सोबतचा अंदाज पाहता कोणत्या दिवशी ढीग झाकून ठेवावा लागेल?’ असे विचारावे. अंदाज मात्र आपण स्वतः ‘मेघदूत’ किंवा ‘मौसम’ या ॲपवरून घेऊन प्रश्नात चिकटवावा. तो सहायकाच्या स्मरणावर सोडू नये, कारण काही सहायक चालू दिवसाचे हवामान न पाहताच सरासरीवरून बोलतात.

साठवणीत दुसरा उपयोग दाणे निवडण्याचा आहे. भुईमुगातील सुरकुतलेले, फुटलेले आणि रंग बदललेले दाणे वेगळे काढले तर विषाचा बराच भार कमी होतो, कारण ते बहुधा थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते. मोठ्या गिरण्यांत हे काम कॅमेरा लावलेली रंग-निवड यंत्रे करतात. ती प्रत्येक दाणा पाहून नको तो हवेच्या झोताने बाजूला उडवतात आणि त्यांतील नव्या यंत्रांत शिकवलेली प्रतिमा-ओळख असते. आपल्या अंगणात हे काम सुपाने आणि डोळ्यांनी होते. जिभेला कडू लागलेला दाणा थुंकून टाकण्याची आजीची शिस्तही त्याच जातीची होती. निवडून टाकलेले दाणे मात्र जनावरांना घालू नयेत.

माल विकायचा असेल आणि शंका असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. नमुना एका पोत्याच्या तोंडाशी घेऊ नये. अनेक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडा थोडा घेऊन एकत्र करावा. अहवाल इंग्रजीत येतो. त्याचे छायाचित्र देऊन ‘प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत सांगा, मर्यादेचा आकडा आणि आलेला आकडा शेजारी शेजारी लिहा’ असे सांगितल्यास काम सोपे होते.

एक इशारा येथेच द्यावासा वाटतो. किडीवर उपाय विचारल्यास यंत्र कधी कधी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुचवते. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू प्राणघातक आहे. माणसे झोपतात त्या घरात, खोलीच्या कोपऱ्यातल्या कणगीत किंवा माळ्यावर त्या गोळ्या कधीही ठेवू नयेत. हे काम प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसाचे आहे. घरगुती साठवणीसाठी हवाबंद पिशव्या अधिक बऱ्या : आतील किडींनीच प्राणवायू संपवला की त्या आपोआप मरतात. अर्थात धान्य आधी नीट वाळलेले हवे. ओले धान्य हवाबंद केले तर तेही नासते.

पानावरची अळी आणि बाटलीवरचा कागद

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली ती २०१८ साली कर्नाटकातच. तेव्हापासून मका करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना ती परिचित आहे. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू केलेली राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली अशाच किडी छायाचित्रावरून ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरते; ‘प्लँटिक्स’सारखी खासगी ॲपेही मराठीत आणि कन्नडमध्ये चालतात. छायाचित्र सकाळच्या उजेडात घ्यावे : एक पूर्ण झाडाचे, एक पानाच्या खालच्या बाजूचे आणि एक अळीचे जवळून, शेजारी नाणे ठेवून, म्हणजे आकार कळतो. ॲपने नाव सांगितले की खूण स्वतः तपासावी. लष्करी अळीच्या डोक्यावर उलटे इंग्रजी वाय अक्षर दिसते आणि शेपटाकडील भागावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे चार काळे ठिपके असतात. खूण जुळली नाही तर औषध विकत घेऊ नये. तेच छायाचित्र कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात, मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांकही आहे.

औषधाची मात्रा यंत्राला विचारू नये. ती बाटलीसोबतच्या घडीपत्रकात छापलेली असते आणि अन्नसुरक्षेच्या दृष्टीने त्याच पत्रकातली सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत कमी वाचली जाणारी गोष्ट म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत हा आकडा. पत्रकातील अक्षर इतके बारीक असते की ते वाचले जाऊ नये म्हणूनच छापले असावे अशी शंका येते. येथे यंत्र खरोखर कामी येते : पत्रकाचे छायाचित्र देऊन ‘फक्त कोबीच्या ओळीतील मात्रा, पाणी आणि काढणीपूर्वी थांबण्याचे दिवस जसेच्या तसे लिहा, पत्रकात कोबी नसेल तर नाही असे सांगा’ अशी आज्ञा करावी. मग फवारणीची तारीख देऊन काढणीची पहिली सुरक्षित तारीख काढून घ्यावी आणि ती मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये घालावी. बेळगावची भाजी रोज चोर्ला घाटाने गोव्यात जाते, तशीच ती आपल्या घरातही शिजते. थांबण्याचे दिवस दोन्हीकडे सारखेच पाळायला हवेत. पत्रकात त्या पिकाचे नावच नसेल तर ते औषध त्या पिकासाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. दुकानदाराचे ‘सगळे वापरतात’ हे त्यावरचे उत्तर नव्हे.

कन्नडमधील कागद

सीमाभागातील मराठी शेतकऱ्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वाधिक उपयोग कदाचित पिकात नव्हे, कागदात आहे. उतारा, पीक पाहणी, विम्याची सूचना, नुकसानभरपाईची यादी, शेतकऱ्यांच्या ‘फ्रूट्स’ नोंदणीचा तपशील, सारे कन्नडमध्ये येते. घरातील कन्नड शाळेत गेलेला मुलगा किंवा मुलगी वाचून दाखवते, पण ती गावात नसली की कागद तसाच पडून राहतो आणि मुदत निघून जाते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट, शेत पाण्याखाली जाणे किंवा काढणीनंतर शेतात वाळत टाकलेल्या पिकाचे नुकसान अशा प्रसंगी ७२ तासांच्या आत कळवावे लागते. बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरते तेव्हा तीन दिवस किती लवकर जातात, हे वडगाव, शहापूर, येळ्ळूर आणि धामण्याच्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही भाषांतर-सेवा किंवा कोणताही बहुभाषिक सहायक कागदाचे छायाचित्र वाचून मराठी करू शकतो. मात्र दोन गोष्टींत डोळ्यांत तेल घालून पाहावे. पहिली म्हणजे कन्नड अंक : जुन्या नोंदींत ते कन्नड लिपीत असतात आणि त्यांच्या वाचनात चूक झाली तर सर्व्हे क्रमांकच बदलतो. दुसरी म्हणजे जवळजवळ सारखे दिसणारे शब्द. कन्नडमध्ये ‘बेळे’ म्हणजे पीक, पहिला स्वर लांबवला की तीच ‘बेळे’ म्हणजे डाळ आणि ‘बेले’ म्हणजे किंमत. पुसट झेरॉक्सवर यांतील फरक एका रेघेचा असतो. ‘बेळे परिहार’ म्हणजे पीक नुकसानभरपाई; तिथे यंत्राने किंमत किंवा डाळ लिहिली तर वाक्याला अर्थ राहत नाही आणि राहिलाच तर चुकीचा राहतो. म्हणून मराठी अनुवादासोबत ‘मूळ कन्नड वाक्याचा उच्चार देवनागरीत लिहा, तारीख, रक्कम, क्षेत्र आणि मुदत वेगळी काढा’ असे मागावे. कन्नड वाचता येत नसले तरी ऐकून समजणारे आपल्यात पुष्कळ आहेत. देवनागरीतला उच्चार वाचला की चूक त्यांच्या कानाला लगेच खटकते.

महाराष्ट्र शासनाचे ‘महाविस्तार’ हे मराठी ॲपही आपल्याकडे अनेकांच्या मोबाईलमध्ये आहे. किडीची ओळख, मशागत यांसाठी ते वाचावे, भाषा आपलीच आहे. परंतु त्यातील अनुदाने आणि योजना महाराष्ट्राच्या आहेत, त्यांवर बेळगाव जिल्ह्यातील जमिनीचा अर्ज चालत नाही. साध्या सहायकालाही मराठीतून योजना विचारली की तो आपल्याला महाराष्ट्रातले धरून चालतो. त्यामुळे ‘मी कर्नाटकात राहतो’ हे वाक्य अशा प्रश्नाच्या आरंभीच लिहावे. आधार, बँकेचे पासबुक किंवा ओटीपी मात्र कोणत्याही सहायकाला देऊ नये. कागदावर ते क्रमांक असतील तर छायाचित्र घेताना त्यांवर चिठ्ठी ठेवावी.

पेरणी, पाऊस आणि शिधा

पावसाआधी कोरड्या जमिनीत, म्हणजे धूळवाफ पेरणी करणाऱ्याला मृगाचा पाऊस वेळेवर येणार की नाही यापेक्षा, पहिल्या सरीनंतर तो थांबणार की नाही हे कळणे अधिक मोलाचे असते, कारण उगवलेले रोप करपले तर बियाणेच जाते. २०२५ साली केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित मान्सून आगमनाचे अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना लघुसंदेशाने पाठवले. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजीच केरळात पोहोचला आणि पुढे त्याची वाटचाल मध्येच थबकली. या खंडाची सूचना त्या अंदाजांत आधी मिळाली होती. असा संदेश आल्यास तो शक्यतेच्या भाषेत असतो हे ध्यानात घ्यावे आणि सगळे क्षेत्र एकाच दिवशी पेरण्याऐवजी दोन टप्प्यांत पेरावे. आपल्या ग्रामपंचायतीच्या पातळीवर पडलेल्या पावसाची नोंद कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निगराणी केंद्राच्या पर्जन्यमापकांतून होते. अंगणातील पर्जन्यमापकाचे आकडे तिच्याशी ताडावेत.

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसासाठी चालवलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाची चर्चा आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातही झाली. तो समजून घेताना एक गोष्ट विसरू नये : तेथे यंत्र जे सांगते ते जमिनीत पुरलेल्या संवेदकांच्या, हवामान केंद्राच्या आणि उपग्रहाच्या मोजमापांवर सांगते. नुसते ॲप उतरवून घेतल्याने ती गोष्ट होत नाही.

शिधापत्रिकेबाबत थोडक्यात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. राज्याची भर वेगळी असते आणि ती बदलते. धान्य कोणत्या गोदामातून कोणत्या वाटेने न्यावे हे ठरवणारी ‘अन्नचक्र’ ही संगणकीय व्यवस्था डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, पण तिचे काम दुकानापर्यंतचे आहे. दुकानात कमी मिळाले तर पावती आणि वजन यांचे छायाचित्र घेऊन, कन्नडमध्ये पाच ओळींचा तक्रार-अर्ज सहायकाकडून लिहून घ्यावा आणि कन्नड जाणणाऱ्याला एकदा दाखवून तालुक्याच्या अन्न कार्यालयात द्यावा.

महाप्रसाद, शाळेचे जेवण आणि विक्रीचा कुंदा

जत्रेच्या महाप्रसादाला किंवा लग्नाला आदल्या रात्री मसालेभात आणि रस्सा करून ठेवण्याची वेळ येते, आणि धोका तेथेच असतो. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात आणि त्यांचे एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. मोठ्या पातेल्यातील दाट रस्सा मध्यभागी फार सावकाश निवतो, तेथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे आणि मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा अधिक राहू देऊ नये, हा नियम त्यासाठी आहे.

यंत्राला येथे उलटे वेळापत्रक मागावे : ‘दुपारी साडेबाराला ६०० पाने वाढायची आहेत, पंगती तीन, चुली चार, पातेली अमुक मापाची. कोणताही पदार्थ शिजल्यापासून वाढेपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ ६० अंशांखाली राहू नये. काम किती वाजता सुरू करावे?’ तांदळाचे प्रमाण माणशी १०० ते १२० ग्रॅम धरल्यास ६० ते ७२ किलो होतात. हा हिशेब यंत्र बरोबर करते, पण गावच्या जत्रेत पहिल्या पंगतीला किती आणि शेवटच्या पंगतीला किती माणसे येतात हे आचाऱ्यालाच माहीत असते. तेव्हा वेळापत्रक त्याच्यापुढे वाचून दाखवावे आणि तो हसला तर का हसला ते विचारावे. प्रत्येक पंगतीपूर्वी पातेल्याच्या मध्यभागी थर्मामीटर घालून आकडा वहीत लिहावा. अक्षरदासोह या शालेय भोजन योजनेच्या स्वयंपाकालाही हीच वही चालते.

कुंदा, करदंट या मिठाया, चटण्या किंवा पापड विकणाऱ्या महिला संघांनी वेष्टनावरील मजकूर यंत्राकडून लिहून घ्यायला हरकत नाही, मात्र घटक, वजन, तारीख आणि शाकाहारी चिन्ह यांची जबाबदारी आपलीच राहते. ‘किती दिवस टिकेल’ हा आकडा यंत्राला मुळीच विचारू नये. तो आपल्या पदार्थाचे नमुने ठेवून आणि तपासून ठरवावा लागतो. बाहेरून खवा किंवा मसाला घेताना वेष्टनावरील चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा : पहिला अंक १ असल्यास परवाना, २ असल्यास नोंदणी, पुढील दोन अंक राज्याचे, कर्नाटकाचे १२ आणि महाराष्ट्राचे १५, त्यापुढील दोन वर्षाचे. हा क्रमांक खरा आहे की नाही हे सहायकाला नव्हे, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर विचारावे. गोबी मंच्युरियनचा गाडा चालवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये त्यातील कृत्रिम रंगांवर बंदी घातली आणि जूनमध्ये ती कबाबांनाही लागू केली. पलीकडच्या राज्याचे नियम वाचून दिलेले यंत्राचे उत्तर इथल्या अधिकाऱ्यापुढे चालणार नाही.

जेवणानंतर एकापेक्षा अधिक माणसांना उलट्या, जुलाब किंवा पोटदुखी सुरू झाली तर मोबाईल फक्त रुग्णवाहिकेला आणि आरोग्य केंद्राला फोन लावण्यासाठी हाती घ्यावा. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि म्हातारी माणसे यांना प्रथम न्यावे. उरलेले अन्न फेकू नये. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डब्यात घालून, वर पदार्थाचे नाव आणि वेळ लिहून, फ्रिजमध्ये ठेवावा आणि तापमानाची वही व सामानाच्या पावत्यांसह अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या हाती द्यावा. तक्रारीसाठी ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲप आणि १८००-११-२१०० हा क्रमांक आहे.